केंदाळावरचा सोंडा: उडता न येणारे किडे बेटाबेटांवर पोचतात कसे?

पंचगंगाकाठी | रविवार, सकाळी १०:१२

गोष्ट २०१९ च्या पुरातली आहे, पण डोक्यातनं जात नाही म्हणून धागा काढतोय.

पाणी उतरायला लागलं तसं आम्ही आंबेवाडीच्या जुन्या घरी चिखल काढायला गेलतो. अंगणातल्या नारळाला केंदाळाचा (जलपर्णीचा) एक गठ्ठा अडकून बसला होता, बसलेल्या म्हशीएवढा. त्यात बाभळीची फांदी, उसाची बुडकी, एक चप्पल, अर्धं पोतं. फावड्यानं ओढला तर आतनं अख्खा बाजार बाहेर पडला. तांबड्या मुंग्या, एक गोम, दोन रातकिडे. आणि उसाच्या बुडक्याच्या भेगेत एक काळा सोंडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तांदळात होतो तसाच, पुढं सोंड असलेला, पण अंगानं गोल गरगरीत. काडीनं डिवचलं की पाय आवळून मेल्याचं सोंग. तळहातावरनं उडवला तर खड्यासारखा खाली. चारपाच वेळा केलं, एकदाही पंख उघडले नाहीत. मग घरातनं हाक आली, भिंती धुवायच्या होत्या.

पण प्रश्न राहिलाच. हा गडी दोनतीन दिवस तरी पाण्यावर असणार. कासारी नदीकडनं आला का भोगावतीकडनं, देव जाणे. उडता येत नाही, पोहता येत नाही, तरी परक्याच्या अंगणात ठणठणीत.

मग वाचत गेलो आणि इंडोनेशियात जाऊन पोचलो. ट्रायगोनोप्टेरस नावाचे सोंडे आहेत, फार तर पाचसहा मिलिमीटरचे. एकाही जातीला उडता येत नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संग्रहालयातले अलेक्झांडर रीडेल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं यांच्या मागं आहेत. २०१३ साली त्यांनी न्यू गिनीतल्या १०१ नव्या जातींना एकदम नावं दिली. एवढी नावं आणायची कुठनं, म्हणून पापुआ न्यू गिनीचं टेलिफोन बुक काढलं आणि त्यातली आडनावं वापरली! २०१९ साली सुलावेसी बेटावरच्या आणखी १०३. त्याआधी त्या बेटावरनं या गटातली फक्त एक जात नोंदलेली होती. जावा, बाली, लोंबोक इकडच्या वेगळ्याच.

तर जाणकारांना दोन प्रश्न. ज्याला उडता येत नाही तो समुद्र ओलांडतो कसा? आणि ओलांडल्यावर एकाचे शंभर कसे होतात?

---

उद्यमनगरी | रविवार, १०:४०

आंबेवाडीच्या नारळावरनं डायरेक्ट सुलावेसी. नाद खुळा!

माझा आधीचा प्रश्न. सोंड्याच्या बापजाद्यांना पंख होते ना? मग चांगलं चालू मशीन काढून भंगारात कशाला घालायचं?

---

निवृत्त_बाई | रविवार, दुपारी १:०५

३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा ठेवून घ्या.

चालू मशीनच म्हणताय तर वीजबिलाचंही बघा. पंख नुसते पाठीवर नसतात. छातीत उडण्याचे स्नायू लागतात, आणि ते बांधायला व सांभाळायला किड्याच्या शरीरातला सगळ्यात महागडा माल खर्च होतो. रातकिड्यांच्या काही जातींत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही नमुने सापडतात. त्यांत आखूड पंखांची मादी लवकर अंडी घालते आणि जास्त घालते. म्हणजे स्नायूंवरचा पैसा अंड्यांकडे वळला. खाणं पायाखाली असेल, जोडीदार त्याच झाडाखाली असेल आणि ते रान वर्षानुवर्षं तसंच राहणार असेल, तर पंख हा नुसता खर्च आहे.

बेटांचा प्रश्न डार्विनलाही पडला होता. वोलास्टन नावाच्या कीटकतज्ज्ञानं मदेरा बेटांवरचे भुंगेरे गोळा केले. डार्विननं १८५९ साली ते आकडे छापले: ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येत नाही, आणि फक्त तिथंच आढळणाऱ्या २९ प्रजातींपैकी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) २३ मधल्या सगळ्याच जाती बिनउडत्या. डार्विनचं म्हणणं होतं की बेटावर वारा जोराचा. जो भुंगा जास्त उडतो तो समुद्रात वाहून जातो, जो जमिनीला धरून बसतो त्याची पिल्लं मागं राहतात. दक्षिण महासागरातल्या वाऱ्यानं झोडपलेल्या बेटांवर आज जवळपास निम्म्या मूळ कीटकजाती बिनउडत्या आहेत, त्यामुळे वाऱ्याला अगदी मोडीत काढता येणार नाही.

पण न्यू गिनीच्या दाट रानात, पाचोळ्याखाली, कुठला आलाय वारा? तिथं खर्चाचा हिशेबच लागू पडतो. डार्लिंग्टन या अमेरिकन कीटकतज्ज्ञांनी १९४३ मध्येच दाखवलं की बिनउडते भुंगेरे डोंगरमाथ्यावरही भरपूर असतात, मग तो डोंगर बेटावर असो की खंडावर. जागा टिकाऊ असली की पंख गळतात.

आणि पंचगंगाकाठी, तुमच्या प्रश्नात एक गाठ आहे. पंख बेटावर पोचल्यानंतर गेले, की बिनपंखाचेच पोचले? मदेरात बरेचसे पहिल्या प्रकारचे असू शकतात. ट्रायगोनोप्टेरसमध्ये तर सगळ्याच जाती बिनउडत्या, म्हणजे मूळपुरुषच तसा होता असं धरावं लागतं. तोच तसाच समुद्र ओलांडत गेला. खरी गंमत तिथं आहे.

---

ऊसवाला_हातकणंगले | रविवार, २:२०

बाईंच्या खर्चाच्या हिशेबावर आमचा अनुभव सांगतो. २००२ चा लोकरी मावा आठवतोय का कुणाला? सांगलीकडनं सुरू झाला आणि बघता बघता आमच्या शिवारात. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. फडात शिरलं की शर्ट पांढरा व्हायचा.

कृषी खात्याच्या साहेबांनी भिंगाखाली दाखवलं तेव्हा कळलं, त्यातले बहुतेक बिनपंखी. नर नाही, लग्न नाही, मादी थेट पिल्लं टाकतीया. गर्दी झाली, ऊस निबर व्हायला लागला की त्याच कुळात पंखवाले जन्माला येतात आणि दुसऱ्या फडावर जातात. एकाच घरात एक पोरगं शेतीला, एक मुंबईला, तसं.

पण बिनपंखीसुद्धा गावोगाव गेलेच की. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, भाऱ्यातनं! जनावराला वाढं न्यायचं म्हणून आम्हीच ट्रॅक्टरला लादून त्यांना फुकट फिरवलं. नंतर सांगायला लागले, रोगट फडातलं वाढं बाहेर नेऊ नका. तोवर व्हायचं ते झालं होतं. शेवटी डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे मावा खाणारे किडे सोडले, तेव्हा आवरलं.

तात्पर्य काय ते तुम्ही हुशार लोक काढा. माझं म्हणणं एवढंच, ज्याला चालता येत नाही त्याला कुणीतरी वाहून नेतंच.

---

रानवाट | रविवार, ४:४८

विरजण घालतोय, राग मानू नका. पंचगंगाकाठी यांचा सोंडा बिनउडता होता कशावरनं? सोंडे घाबरले की पाय आवळून मेल्यासारखे पडतात, ते उडणारेसुद्धा. पावसात भिजलेला, गारठलेला किडा तळहातावरनं उडत नाही. ऊन लागल्यावर बघायला हवं होतं.

बाकी बिनपंखी पाहायचेच असतील तर पुराची वाट कशाला बघता? मे अखेरीला राधानगरीच्या रानात काजवे बघायला सगळं कोल्हापूर लोटतं. माना वर, मोबाईल वर. काजव्यांच्या काही जातींत मादीला पंखच नसतात. ती जन्मभर अळीसारखीच दिसते आणि जमिनीवर गवतात एकटीच मिणमिणत असते. वर झाडावर लखलखाट चाललाय तो नरांचा. लोक नरांचे फोटो काढता काढता मादीवर पाय देतात. एवढं सांगायचं होतं, विषयांतर झालं तर झालं.

---

तैपेई_कोल्हापूर | रविवार, रात्री ८:३०

नोकरीनिमित्त चार वर्षं तैवानात होतो, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही.

तैवानच्या आग्नेयेला लानयू नावाचं छोटं बेट आहे. तिथं पायवाटेकडेच्या पानावर एक सोंडा पाहिला. काळा कुळकुळीत, सव्वा-दीड सेंटिमीटरचा, आणि त्यावर निळ्या-हिरव्या चकचकीत ठिपक्यांची नक्षी. गुजरीतल्या कारागिरानं मीनाकाम करून ठेवावं तशी. पॅकिरिंकस हे त्याचं कूळ. तो रंग शाईचा नाही, खवल्यांच्या आतल्या बारीक रचनेमुळं प्रकाश तसा परततो. हात लावायची सोय नाही, कायद्यानं संरक्षित आहे.

याच्या पाठीवरची दोन्ही झाकणं, म्हणजे वरचे कडक पंख, एकमेकांना जुळून घट्ट झालेली असतात, उडायचा प्रश्नच नाही. कवच इतकं टणक की सरडा तोंडात घेतो आणि थुंकतो. तिथल्या संशोधकांनी सरड्यांना कोषातनं नुकतेच निघालेले मऊ सोंडे दिले, तर ते खाल्ले. म्हणजे रंग ही नुसती पाटी, खरी ताकद कवचात. फिलिपाईन्समध्ये तर दुसऱ्याच कुळातले लांब मिशांचे भुंगेरे यांची नक्कल करून फिरतात.

आता मुद्द्याचं. फिलिपाईन्सपासून लानयू, ग्रीन आयलंड आणि जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत हे कूळ पसरलंय, आणि त्या बाजूनं कुरोशिओ हा समुद्री प्रवाह दक्षिणेकडनं उत्तरेकडे वाहतो. झाकणांखाली हवेची पोकळी असल्यामुळं सोंडा पाण्यावर तरंगतो. पण तरंगणं वेगळं आणि जगणं वेगळं. २०१८ साली तैवानच्या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. खाऱ्या पाण्यावर ठेवलेले पूर्ण वाढलेले सोंडे फार टिकले नाहीत. पण किनाऱ्यावर एक झाड असतं, आपल्या समुद्रफळाच्या गणातलं, त्याचं फळ चौकोनी पेटीसारखं, वर काथ्यासारखं जाड आवरण. त्या फळात असलेल्या काही अळ्या सहा दिवस समुद्राच्या पाण्यावर राहूनसुद्धा जिवंत राहिल्या.

म्हणजे प्रवासाला निघतो तो सोंडा नव्हे. निघते ती अळी, डबा आणि जहाज एकच करून. जाता जाता जहाजच खात.

---

उद्यमनगरी | रविवार, ८:५१

जहाजच खात जाते, हे एक नंबर. आमच्या पोराला सांगितलं, तो म्हणतो मग बुडत कशी नाही. उत्तर द्या आता.

---

तैपेई_कोल्हापूर | रविवार, ९:०३

फळ मोठं, अळी छोटी. संपायच्या आत किनारा लागला तर वाचली, नाहीतर पोराचं बरोबर.

---

पंचगंगाकाठी | सोमवार, सकाळी ७:१५

रात्रभर यावर विचार केला. रानवाट, तुमचं मान्य. माझा सोंडा उडणारा असू शकतो. झाकणं नखानं उचकटून बघायला हवी होती, नाही बघितली.

पण आता माझा दुसरा प्रश्न मलाच थोडा सुटल्यासारखा वाटतोय. मी उलटं धरून बसलो होतो. मला वाटत होतं, उडता येत नाही तरीसुद्धा यांच्या जाती एवढ्या झाल्या. बघायला गेलं तर उडता येत नाही म्हणूनच झाल्या.

समजा सोंड्याला झकास उडता आलं असतं. मग शेजारच्या बेटावरनं दर हंगामात पाहुणे आले असते, सोयरिकी झाल्या असत्या, आणि दहा बेटांवर मिळून एकच जात राहिली असती. आता दुसरं टोक घ्या. समुद्र ओलांडणं अजिबातच जमलं नसतं, तर सगळे मूळच्या जागीच बसले असते. हे मधले आहेत. पोचणं जमतं, पण वारंवार जमत नाही. हजारो वर्षांत एखादं फळ, एखादा ओंडका लागतो. त्यात पोटाशी अंडी असलेली एक मादी असली तरी वसाहत सुरू होते. मग पुढं लाखभर वर्षं मूळ गावाकडनं कुणीच येत नाही. तेवढ्यात ते कुटुंब वेगळं होऊन बसतं.

आणि अडसर फक्त समुद्राचा नाही. ज्याला चालतच जायचं आहे त्याला दोन डोंगरांमधली दरीसुद्धा खाडीच. सुलावेसी म्हणे पूर्वी सुटी सुटी बेटं होती, नंतर जुळली. वर डोंगर उंच. म्हणून एकाच बेटावर शंभरावर जाती.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. आशियाकडचे आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी वेगळे करणारी जी वॉलेसची रेषा मानतात, ती बाली आणि लोंबोकच्या मधनं जाते. मधली सामुद्रधुनी पस्तीसेक किलोमीटरची, म्हणजे इथनं निपाणीपेक्षा कमीच. हिमयुगात समुद्र शंभर-सव्वाशे मीटर खाली गेला, तेव्हा जावा-बाली आशियाला जमिनीनं जोडले गेले. लोंबोक नाही, कारण मधलं पाणी फारच खोल. वाघ तिथं थांबला. आणि हे चार मिलिमीटरचे, बिनपंखाचे सोंडे, ज्यांचं मूळ घर डीएनएवरनं ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या बाजूला निघतं, ते पूर्वेकडनं येऊन ती रेषा ओलांडून जावाच्या डोंगरात जाऊन बसले. वाघाला न जमलेलं.

---

रानवाट | सोमवार, ९:४०

मांडणी आवडली. पण याच न्यायानं आता कुणीतरी लिहील की मसाईचं पठार म्हणजे बेट आणि पन्हाळा म्हणजे बेट. सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या, वनस्पतींबाबत तसं म्हणता येतं, काही प्रमाणात. पण दोन पठारांमधला ओढा आणि दोन बेटांमधला समुद्र यांत फरक आहे. ओढा उन्हाळ्यात आटतो.

---

निवृत्त_बाई | सोमवार, ११:३०

पंचगंगाकाठी, तुमच्या म्हणण्याला आधार आहे. मेलेल्या जनावरावर जगणारे भुंगेरे असतात, त्यांच्यावर जपानी संशोधकांनी २०१२ साली काम केलं. त्या कुळात उडणाऱ्या शाखा आहेत आणि न उडणाऱ्याही. न उडणाऱ्या शाखांमध्ये नव्या जाती जास्त वेगानं झालेल्या दिसल्या. कारणही सुरेख. मेलेलं जनावर शोधायला उडावं लागतं. ज्यांनी मातीतले गांडूळ, गोगलगाय असलं खायला सुरुवात केली, त्यांना उडायची गरज उरली नाही. आहार बदलला, पंख गेले, आणि जागोजागी कुटुंबं सुटी पडली.

दुसरं, नुसतं वेगळं पडून भागत नाही. कधी कधी सोयरिकीची आवडसुद्धा बदलते. हवाईत लाउपाला नावाचे रातकिडे आहेत, बिनउडते, ३८ जाती. दिसायला इतके सारखे की तज्ज्ञांचीही फसगत व्हावी. फरक गाण्यात. नर सेकंदाला किती ठोके देतो ते प्रत्येक जातीचं ठरलेलं, आणि मादी आपल्याच लयीकडे जाते. हलगीचा ठेका चुकला की आपल्याकडे लेझीमवाले थांबतात ना, तसं. हवाईची बेटं एका ओळीत आहेत, वायव्येकडचं कवाई सुमारे ५० लाख वर्षांचं, आग्नेयेचं मोठं बेट पाच लाखांच्या आतबाहेर. रातकिडे जुन्या बेटावरनं नव्यावर सरकत आले, आणि सगळ्यात नव्या बेटावर दहा लाख वर्षांत चारपेक्षा जास्त जाती अशा वेगानं फुटले. कीटकांत हा वेग अफाट समजला जातो.

ऊसवाल्यांचं "कुणीतरी वाहून नेतंच" हेही तपासून झालंय. जपानमध्येच २०१८ साली बुलबुलांना काडीकिड्यांची अंडी खाऊ घातली. त्या अंड्यांचं कवच बीसारखं कठीण असतं. पाच ते वीस टक्के अंडी विष्ठेतनं शाबूत बाहेर पडली आणि काहींतनं पिल्लंही निघाली. काडीकिड्यांच्या काही जातींत नराची गरज नसते, मादीच्या पोटातलं अंडं तसंच उबू शकतं. आई पक्ष्याच्या पोटात गेली, लेक दुसऱ्या डोंगरावर जन्मली.

आता कडू भाग. ऑस्ट्रेलियाजवळ लॉर्ड हाव बेट आहे, उष्ण कटिबंधाच्या थोडं खाली. तिथला काडीकिडा वीतभर लांब, जाडजूड, बिनपंखी. १९१८ साली एक जहाज किनाऱ्याला लागलं, त्यावरनं उंदीर उतरले. काही वर्षांत किडा संपला. मग २००१ साली, २३ किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या समुद्रातल्या उभ्या सुळक्यावर, रात्री, एका झुडपाखाली २४ जिवंत सापडले. सगळ्या जगात तेवढेच. त्यातल्या दोन जोड्या २००३ मध्ये खाली आणल्या, त्यातल्या एका जोडीची मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात पैदास झाली. पंख गळतात ते शत्रू नसलेल्या जागी, आणि शत्रू आला की पळायला तेच नसतात.

---

उद्यमनगरी | सोमवार, दुपारी ३:१०

बाई, तुम्ही शाळेत असता तर मी नापास झालो नसतो.

पण एक गोष्ट तुम्ही कुणीच सांगितली नाही, ती मी शोधली. याच ट्रायगोनोप्टेरसच्या खुब्यात स्क्रू आहे! २०११ साली रीडेल यांच्या चमूनंच एक्स-रेनं बघून सांगितलं. मांडीच्या बाजूला बाहेरून आटे, धडाच्या बाजूला आतून आटे. पूर्ण एक फेरा आणि वर थोडा. पाय हलवला की बोल्टसारखा फिरतो. मी लेथवर २२ वर्षं आटे पाडतोय. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात आतून आटा पाडायला सांगा कुणालाही, टॅप तुटतो. आणि हा पाचोळ्यातला किडा जन्मतःच घेऊन येतो.

पंख काढले पण पायाचं काम बघा कसं केलंय.

---

ऊसवाला_हातकणंगले | सोमवार, ५:४४

सर्व्हिसिंगला ग्रीस कुठलं वापरतो विचारा.

---

पंचगंगाकाठी | बुधवार, संध्याकाळी ७:५०

काल राजाराम बंधाऱ्यावर गेलतो. पाणी वाढलंय, बंधारा दिसत नाही. कसबा बावड्याच्या बाजूला उभा राहून अर्धा तास केंदाळाचे गठ्ठे मोजले. बायको म्हणाली, घरी चला, लोक बघाय लागलेत. सतरा झाले. त्यातला एक काठाला लागला. पॅन्ट वर करून काडीनं चाळला. मुंग्या होत्या, एक बेडूक होता, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत पाण्यात उडी मारली. सोंडा नव्हता.

रानवाट, या वेळी काडेपेटी नेली होती. सापडला असता तर उन्हात ठेवून बघणार होतो. रविवारी पाऊस उघडला तर परत जातो, कुणी येणार असेल तर सांगा.

---

रानवाट | बुधवार, ८:०५

येतो. भिंग आणतो. गमबूट घाला, केंदाळात साप असतात.